पुडा आधी उलटा करा

"वैनी, ह्याची जीभ बघा की. तीनदा चूळ भरली तरी रंग जाईना."

आजींनी नातवाला तोंड उघडायला लावलं. जीभ केशरी, ओठांच्या कडा केशरी, शर्टाच्या बाहीला तोंड पुसलेलं तिथंही केशरी. सकाळी मीच त्याला दोन रुपयांची जेली दिली होती. "घालत्यात काय ओ ह्यात?" आजींनी विचारलं. मी जेलीचा खोका उलटा केला. बारीक इंग्रजी अक्षरांत 110 असा आकडा होता. "एकशे दहा म्हणजे?" आजी म्हणाल्या, आणि मला सांगता आलं नाही. लग्न होऊन बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरला आल्यापासून मी दुकानाच्या गल्ल्यावर बसत होते. भाव, वजन, उधारी सगळं तोंडपाठ. विकतो त्या मालात काय आहे ते मात्र एकदाही वाचलेलं नव्हतं.

याला आता दहा वर्षं झाली. तेव्हापासून मी पुडे वाचत आले आहे. पुढं शेंगा चटणी, मेतकूट आणि कोकम आगळ घरी करून विकायला लागले, तेव्हा स्वतःच्या मालाची लेबलं लिहावी लागली आणि त्यात एक मोठी चूकही झाली. तीही सांगते. दोन्ही बाजूंनी शिकले ते इथं लिहिते आहे.

आमच्या दुकानात एकाच फळीवर बेळगावचा टोस्ट, कोल्हापूरची शेव, बंगळूरची बिस्किटं आणि गोव्याकडचं सरबत असतं. कुणावर कन्नड, कुणावर मराठी, बहुतेकांवर इंग्रजी. कायद्यानं लेबल इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असलं की पुरतं, बाकीच्या भाषा छापणाऱ्याच्या मर्जीवर. म्हणून सुरुवात मोबाईलपासून करा. गुगल लेन्स उघडून कॅमेरा अक्षरांवर धरला की इंग्रजीचं किंवा कन्नडचं मराठी होऊन समोर येतं. भाषांतर ओबडधोबड असतं, पण मैदा कळतो, पामतेल कळतं, आकडे तर आकडेच राहतात. अक्षर फार बारीक असेल तर फोटो काढून मोठा करा. चिकटवलेल्या पट्टीच्या आतही घटक छापलेले असतात, ती उचकटून बघा. दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू दे.

पुढची बाजू माल खपवायला असते. शेत, गाय, आजी, आंब्याची फोड, काय वाटेल ते चित्र. मागच्या बाजूला अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, 2006 लागतो आणि लेबलांबद्दलचे सविस्तर नियम 2020 साली आले. खोटं किंवा अपुरं लेबल लावलं तर 3 लाखांपर्यंत दंड आहे, फसवी जाहिरात केली तर 10 लाखांपर्यंत. म्हणून वाचायला नेहमी मागूनच लागा.

पहिले तीन घटक

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावी लागते. जे सर्वांत जास्त, ते पहिलं. एवढं एक ध्यानात ठेवलं तरी निम्मं काम झालं. यादी वीस ओळींची असू दे, पुड्यात मुख्यतः काय आहे ते पहिल्या तीन नावांत कळतं.

ब्राऊन ब्रेडचं उदाहरण घ्या. साखर वाढलेले पाहुणे घरी आले की लोक मुद्दाम ब्राऊन ब्रेड मागतात. पुडा उलटा करा. पहिलं नाव "रिफाइंड व्हीट फ्लोअर" असेल तर तो मैदा आहे. पुढं कुठंतरी 150a किंवा 150d दिसलं तर तो कॅरॅमलचा रंग, म्हणजे तपकिरीपणा कोंड्याचा नाही, रंगाचा आहे. "होल व्हीट फ्लोअर" किंवा "आटा" पहिल्या जागी असेल तरच तो गव्हाच्या पिठाचा ब्रेड. आणि एक चांगला नियम आहे: पुढच्या बाजूला एखाद्या पदार्थाचं नाव ठळक मिरवलं, तर मागं कंसात त्याचं प्रमाण टक्क्यांत द्यावं लागतं. नाचणीच्या बिस्किटांत नाचणी किती, बदामाच्या बिस्किटांत बदाम किती, ते कंसात शोधा. आमच्या शेजारच्या काकूंनी नातीसाठी वर्षभर "नाचणीची" बिस्किटं नेली. एके दिवशी मी त्यांना कंस दाखवला. मैदा पहिला, साखर दुसरी, नाचणी शेवटाकडं, अगदी थोडी. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून नाचणीचं पीठच न्यायला लागल्या.

साखर अनेक नावांनी येते. लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, फ्रुक्टोज, कॉर्न सिरप ही साखरेचीच भावंडं. माल्टोडेक्स्ट्रिन चवीला गोड लागत नाही, पण रक्तात साखरेसारखंच चढतं. साखर तीन-चार नावांत वाटली की प्रत्येक नाव यादीत खाली सरकतं आणि वर दुसरंच काही दिसतं. म्हणून पोषणाच्या चौकटीत "ॲडेड शुगर" हा आकडा बघा, आणि तो 100 ग्रॅमचा बघा. "पर सर्व्ह" म्हणजे कधी दोन बिस्किटं असतात आणि दोन बिस्किटांवर थांबणारं मूल मी अजून पाहिलेलं नाही. दिवसाची मर्यादा लेबलाच्या हिशेबात 50 ग्रॅम ॲडेड शुगर आणि 2000 मिलिग्रॅम सोडियम धरलेली असते. सोडियमला अडीचनं गुणलं की मीठ निघतं: 800 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 2 ग्रॅम मीठ. माझ्या सासूबाईंना साखर आणि रक्तदाब दोन्ही आहेत, त्यामुळं हा गुणाकार आमच्या घरी पाठ झाला आहे. "शुगर फ्री" बिस्किटांतही मैदा असतोच, आणि मैद्यानं साखर वाढते. हे त्यांना पटायला मला दोन महिने लागले.

आकडे

आता त्या आजींच्या प्रश्नावर येते. 110 म्हणजे सनसेट यलो, कारखान्यात तयार होणारा केशरी रंग.

रंग, टिकवणारं असं जे जास्तीचं अन्नात घालतात, त्याला एक आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो. आपल्याकडं त्याला आयएनएस म्हणतात. परदेशी चॉकलेटवर तोच आकडा ई लावून येतो. शंभरपासूनचे आकडे रंगांचे, दोनशेचे टिकवणारे, तीनशेचे आंबटपणाचे आणि खवटपणा रोखणारे, चारशेचे घट्टपणाचे, पाचशेचे सोडे आणि क्षार, सहाशेचे चव वाढवणारे, आणि 950 च्या आसपास गोडी आणणारे. एवढा नकाशा डोक्यात असला की पुडा परका वाटत नाही.

आकडा दिसला की घाबरू नका, हे मी जोर देऊन सांगते. 330 म्हणजे सायट्रिक ॲसिड, लिंबात असतं तेच. 500 खाण्याचा सोडा. 322 लेसिथिन, बहुधा सोयाबीनचं. 440 पेक्टिन, फळांच्या सालीतलं. 300 क जीवनसत्त्व. 100 म्हणजे हळदीचा रंग. आणि 160c म्हणजे लाल मिरचीचा अर्क, ज्यासाठी आपल्या कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातली ब्याडगी मिरची प्रसिद्ध आहे. तिला 2011 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रंग गडद, तिखटपणा बेताचा, म्हणून अर्क काढायला तिला मागणी. मी चटणीत रंगासाठी ब्याडगी आणि तिखटासाठी हुक्केरी तालुक्यातली संकेश्वरी घालते. त्याच मिरचीचा अर्क कुरकुऱ्यांच्या पुड्यावर आकडा होऊन बसतो. म्हणून आकडा आहे म्हणजे विष आहे, असं बोलणाऱ्यांचं ऐकू नका. आकडा कशाचा आहे ते विचारा.

लक्षात ठेवायचे रंग मोजके आहेत. 102 टार्ट्राझिन, पिवळा. 110 सनसेट यलो, केशरी. 122 कार्मोइसिन आणि 124 पाँसो, दोन्ही लाल. 133 निळा. हे आपल्याकडं ठरावीक पदार्थांत, ठरावीक प्रमाणात घालायला परवानगी आहे, म्हणजे पुड्यावर ते दिसले तर कायदा मोडला असं होत नाही. पण यातल्या 102, 110, 122 आणि 124 या चार रंगांवर युरोपात जुलै 2010 पासून इशारा छापावा लागतो, की मुलांच्या वागण्यावर आणि एकाग्रतेवर याचा परिणाम होऊ शकतो. आपल्याकडं तो इशारा नाही. मोठ्या माणसानं कधीतरी खाल्लं तर मी काही म्हणणार नाही. मूल रोज शाळेतून येताना तेच खात असेल तर मी त्याच्या आईला सांगते, गिऱ्हाईक तुटलं तरी.

लहान मुलांच्या घरात 211 सोडियम बेंझोएट (सरबत, सॉस), 319 टीबीएचक्यू (तेल खवट होऊ नये म्हणून, नूडल्स-चिप्समध्ये) आणि 621 म्हणजे अजिनोमोटो (एमएसजी) हेही नेहमी भेटतात. 621 घातलं असेल तर बारा महिन्यांखालच्या बाळांना देऊ नये असं पुड्यावर लिहावं लागतं, ते वाक्य शोधा. "नो ॲडेड एमएसजी" लिहिलेलं असलं तरी घटकांत "हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन" किंवा "यीस्ट एक्स्ट्रॅक्ट" असू शकतं, त्यातही तेच ग्लुटामेट निघतं. निपाणी-चिक्कोडीकडची आमची जैन गिऱ्हाइकं 631 बद्दल विचारतात. ते वनस्पतीपासूनही होतं आणि मासळी-मांसापासूनही. अशा वेळी हिरवा ठिपका बघायचा. तो लावला म्हणजे माल शाकाहारी असल्याची जबाबदारी बनवणाऱ्यानं घेतली.

यादीच्या खाली एक वाक्य असतं: "कंटेन्स परमिटेड सिंथेटिक फूड कलर अँड ॲडेड फ्लेवर्स". सिंथेटिक म्हणजे कारखान्यात केलेला रंग, "नॅचरल" म्हणजे वनस्पती वगैरेंचा. वासाच्या बाबतीत "नेचर आयडेंटिकल" हा शब्द फसवा वाटतो. त्याचा अर्थ निसर्गात सापडतो तोच पदार्थ, पण बनवलेला कारखान्यात. व्हॅनिलाच्या शेंगेत जे असतं तेच व्हॅनिलिन, शेंगेशिवाय केलेलं. केशर-बदाम दुधाच्या बाटलीवर केशराचं चित्र असतं. मागं केशराचं प्रमाण लिहिलंय की नुसता वास आणि 102, ते एका नजरेत दिसतं.

नावातला फरक

हे पटकन सांगते. "आइस्क्रीम" दुधाच्या स्निग्धांशाचं, "फ्रोझन डेझर्ट" वनस्पती तेलाचं. फ्रीजर एकच, चित्र एकच. "व्हिनेगर" आंबवून केलेलं, "सिंथेटिक व्हिनेगर" ॲसिटिक ॲसिडात पाणी घालून, आणि तसं बाटलीवर लिहावंच लागतं. "शुगर फ्री" आणि "नो ॲडेड शुगर" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्यात वरून साखर घातलेली नसते, फळाची किंवा दुधाची असतेच. 2024 च्या एप्रिलमध्ये सरकारनं ऑनलाइन विकणाऱ्यांना सांगितलं, की कायद्यात "हेल्थ ड्रिंक" नावाचा प्रकारच नाही, ते नाव काढा. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी घालून परत केलेल्या रसावरचं "100 टक्के फळांचा रस" काढायला लावलं. ऑक्टोबर 2025 मध्ये गोड पेयांच्या नावातला "ओआरएस" (जुलाबात द्यायची जलसंजीवनी) हा शब्द बंद झाला. याचं मला सर्वांत जास्त वाटलं, कारण उन्हाळ्यात जुलाब लागलेल्या पोरांसाठी लोक माझ्याकडून तो डबा न्यायचे. खऱ्या ओआरएसमध्ये लिटरभर पाण्याला ग्लुकोज 13.5 ग्रॅम आणि मोजून क्षार असतात. त्या डब्यात साखर कितीतरी पट जास्त. आजारी पोराला देणार असाल तर औषधाच्या दुकानातून पुडी आणा आणि "डब्ल्यूएचओ" म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलंय का ते पाहा.

चौदा आकडी नंबर

प्रत्येक पुड्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी नंबर असतो. पहिला 1 असेल तर परवाना, 2 असेल तर लहान व्यावसायिकाची नोंदणी. पुढचे दोन आकडे राज्याचे: कर्नाटक 12, महाराष्ट्र 15, केंद्राचा परवाना असेल तर 00. त्यामुळं "बेळगावचा घरगुती चिवडा" असं लिहिलेल्या पाकिटावर 115 नं सुरू होणारा नंबर दिसला, तर माल कुठून आला ते पत्ता वाचून खात्री करा. सरकारच्या फूड सेफ्टी कनेक्ट ॲपमध्ये नंबर टाकला की तो खरा आहे का, कुणाच्या नावावर आहे, चालू आहे का, सगळं कळतं. एका फेरीवाल्याकडून आलेल्या लाल मिरची पुडीचा नंबर मी असा टाकला होता. तो दुसऱ्याच जिल्ह्यातल्या एका हॉटेलचा निघाला. दोन डझन पुड्या मी परत केल्या.

गोळ्या, जेली, छोट्या पुड्या यांचं काय? लहान पाकिटावर जागा नसल्यामुळं घटक छापण्यातून सूट आहे, पण ते मोठ्या खोक्यावर किंवा बरणीवर असावे लागतात. म्हणून दुकानदाराला म्हणा, "खोका दाखवा." आमच्याकडं ते हक्कानं मागा. बाकीच्या दुकानांतही मागा.

सुट्या मालाला लेबल कुठलं

गुळाच्या ढेपेला लेबल नसतं, आणि याबद्दल मला माहेरापासून ठाऊक आहे. माहेर चिक्कोडी तालुक्यात, दारात ऊस आणि मळ्यात गुऱ्हाळ. लहानपणी काहिलीत भेंडीच्या चिकाचं पाणी घालायचे, मळी वर यायची, गुळव्या ती झाऱ्यानं काढत बसायचा. गूळ तांबूस-काळसर व्हायचा. पुढं सौद्यात पिवळ्या ढेपेला जादा दर मिळायला लागला. मग वडिलांनी हायड्रोस पावडर आणली. ही सोडियम हायड्रोसल्फाइट, सूत रंगवण्याच्या धंद्यातही वापरतात. उकळत्या काहिलीत मूठभर टाकली की डोळ्यासमोर रस फिका होतो, धुराबरोबर गंधकाचा उग्र वास नाकात जातो. चुलवाणावरचे गडी तोंडाला टॉवेल बांधायचे. वडील चांगले माणूस होते. काळी ढेप घेऊन गेले की व्यापारी हात लावत नव्हते आणि घरात आम्ही चार पोरं होतो. घरी खायला मात्र ते पावडर न टाकलेली एक काहील वेगळी काढायचे. यातलं सगळं त्यांना कळत होतं.

गुळात गंधकाचा अंश किलोला 70 मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये असा नियम आहे, पण तो प्रयोगशाळेत मोजतात, गल्ल्यावर नाही. म्हणून रंगावर भाळू नका. लिंबासारखा पिवळाधमक, चकचकीत गूळ मागणं आपण बंद केलं तर तो करणंही बंद होईल. तांबूस गूळ घ्या, कुठल्या गुऱ्हाळाचा ते विचारा, जमलं तर ऊस चालू असताना स्वतः जाऊन बघा. नुसत्या रंगावरून शंभर टक्के ठरत नाही, उसाच्या जातीनं आणि जमिनीनंही रंग बदलतो. गुळव्याशी बोललं की जास्त कळतं.

घरात करता येतील अशा तीन परीक्षा मी गिऱ्हाइकांना दाखवते. कोकम सरबत अर्ध्या पेल्यात पाणी घालून पातळ करा आणि चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. फेस येईल, तो आंबटपणामुळं. कोकमाचा स्वतःचा लाल रंग सोड्यानं पालटून जांभळट-निळसर, मळकट होतो. कारखान्याचा लाल रंग लालच राहतो. पिवळ्या शेवेचा चुरा कोमट पाण्यात घालून त्यात खायचा चुना बोटभर कालवा. हळद असेल तर तांबडं होईल, कुंकू असंच होतं की. पिवळं राहिलं तर पिवळेपणा हळदीचा नाही. तिखट पाण्याच्या पेल्यावर भुरभुरवा. खाली लगेच रंगाचे धागे सुटले तर शंका घ्या. या परीक्षांना मर्यादा आहेत. तांबडं झालं म्हणजे हळद आहे एवढंच कळतं, सोबत दुसरा रंग नाही असं होत नाही, आणि तेलात विरघळणारे रंग पाण्यात दिसतच नाहीत. परीक्षा केलेलं खाऊ नका, टाकून द्या.

गाड्यावरच्या पदार्थाला पाठ नसते, तिथं सरकारला उतरावं लागलं. 11 मार्च 2024 ला कर्नाटक सरकारनं गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग घालायला आणि रंगीत बुड्ढी के बाल विकायला बंदी केली. गोबीचे 171 नमुने तपासले होते, त्यातल्या 107 मध्ये घातक रंग निघाला. बुड्ढी के बालच्या 25 पैकी 15 नमुन्यांत तीच गत. त्यात रोडामाइन-बी हा कापडाचा गुलाबी रंग होता, जो कुठल्याही अन्नात चालत नाही. त्याच जूनमध्ये कबाबांतल्या रंगावर बंदी आली. आता चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेला जा की सौंदत्तीला, गुलाबी कापूस दिसला तर घेऊ नका, पांढरा मागा. गोबी तळून तपकिरी होते, लालभडक होत नाही. "रंग घालू नका ओ," असं गाड्यावर मोठ्यानं म्हणा, म्हणजे शेजारी उभा असलेलाही ऐकेल.

तक्रार करायची तर

पुडा टाकू नका, उरलेला माल तसाच बांधून ठेवा. पावती मागा, नसेल तर साध्या कागदावर तारीख घालून लिहून घ्या. पुढून, मागून, लॉट नंबरचा आणि तारखेचा असे फोटो काढा. मग फूड सेफ्टी कनेक्ट ॲपवर तक्रार टाका किंवा 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. तालुक्याच्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्याकडं अर्ज कन्नडमध्ये दिला तर काम लवकर हलतं, हा माझा अनुभव. मराठीतच लिहिता येत असेल तर ओळखीच्या कॉलेजच्या पोरांकडून लिहून घ्या, आमच्या गल्लीत ती आनंदानं देतात. कायद्याच्या 40 व्या कलमानं साधा ग्राहकही फी भरून नमुना अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. फक्त घेतानाच दुकानदाराला तसं सांगावं लागतं. अहवाल चौदा दिवसांत मिळायला हवा. बेळगावात विभागीय अन्न प्रयोगशाळा आहे, बंगळूरपर्यंत जायला नको.

माझी चूक

घरी काही करून विकणाऱ्या बायकांसाठी हे शेवटचं. माझ्या शेंगा चटणीवर मी लिहिलं होतं: शेंगदाणे, लसूण, लाल मिरची, मीठ, जिरं, हिंग. मला वाटलं, याहून खरं काय लिहायचं. एके दिवशी टिळकवाडीतून एका बाईंचा फोन आला. त्यांच्या मुलीला गव्हाचा त्रास, गव्हाचा कणही चालत नाही, डॉक्टरांनी तसं लिहून दिलेलं. चटणी खाल्ल्यावर दोन दिवस पोट धरून बसली होती. "तुमच्या चटणीत गहू आहे का ओ?" मी ठामपणे नाही म्हणाले. फोन ठेवला आणि मग हिंगाची डबी हातात घेऊन उलटी केली. खाण्याचा डिंक, गव्हाचं पीठ, हिंग. या क्रमानं. इतकी वर्षं दुसऱ्यांचे पुडे वाचत होते आणि माझ्या फडताळातली डबी वाचली नव्हती.

मी त्यांना परत फोन केला आणि खरं ते सांगितलं. त्या दिवशी दुकानात असलेल्या सगळ्या पाकिटांची लेबलं काढली.

तर तुम्ही लेबल लिहायला बसाल तेव्हा आधी आपण विकत आणलेल्या प्रत्येक डबीची पाठ वाचा. हिंगात गहू असू शकतो, तयार गरम मसाल्यात रंग असू शकतो, सोललेल्या लसणाच्या तयार पेस्टमध्ये टिकवणारं असतं. घटक वजनाच्या क्रमानं लिहा, त्यासाठी एकदा तराजूवर सगळं मोजून वहीत टिपा. गहू, शेंगदाणे, सोयाबीन, दूध, अंडं, मासळी, काजू-बदाम यातलं काही असेल तर वेगळ्या ओळीत ठळक लिहा, कितीही थोडं असू दे. वजन, दर, केल्याची तारीख, कधीपर्यंत खावं, पत्ता, फोन, नोंदणी नंबर, हिरवा ठिपका. "नैसर्गिक", "शुद्ध", "केमिकल फ्री" असं काही लिहू नका. तुमचं घटकांचं यादीपत्रकच ते सांगेल. आणि मसाल्याचा ब्रँड बदलला की लेबलही बदला. मी दर दिवाळीला सगळ्या डब्या ओट्यावर मांडून परत वाचून काढते.

आता माझ्या पाकिटावर मराठीत, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत असं आहे: "घटक: शेंगदाणे, लसूण, लाल मिरची (ब्याडगी, संकेश्वरी), मीठ, जिरं, हिंग (डिंक, गव्हाचं पीठ, हिंग). यात शेंगदाणे आणि गहू आहे." टिळकवाडीच्या बाईंसाठी मी गव्हाचं पीठ नसलेला खडा हिंग आणून, घरच्या खलबत्त्यात कुटून, वेगळा घाणा काढते. त्या पाकिटावर गव्हाची ओळ नाही. वाटी, चमचा, मिक्सरचं भांडं, सगळं त्यासाठी निराळं ठेवलं आहे, आणि भांड्यावर खडूनं त्या मुलीचं नाव लिहिलं आहे.